कपाटभर कापडी पिशव्या

पत्राचा सारांश : एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. दोनेक वर्षांपूर्वी प्लास्टिकच्या कचऱ्याविषयी वाचून त्या अस्वस्थ झाल्या आणि त्यांनी घर बदलायला घेतलं. प्लास्टिकचे डबे काढून काचेचे आणले. मग स्टीलच्या बाटल्या आल्या, बांबूचे ब्रश आले, कापडी पिशव्या आल्या, 'इको' लेबल लावलेले कपडे आले. सासूबाई मात्र जुने प्लास्टिकचे डबे धुऊन-पुसून वर्षानुवर्षं वापरतात आणि कोणाला टाकू देत नाहीत. नवरा ऑनलाइन खरेदीचा शौकीन, दिवसाआड दारात खोकं. त्यावरून खटके उडतात. "तू एकटीनं करून काय होणार, असं तो म्हणतो आणि हल्ली मलाही ते पटायला लागलंय. माझा चार वर्षांचा फोन नीट चालतो, पण पुनर्वापर केलेल्या धातूंपासून बनवलेला नवीन फोन घ्यावा असं मनात आहे. घ्यावा का? आणि नवऱ्याला कसं समजवावं?" असं त्या विचारतात.

फोनचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण तुमच्या पत्रातलं तेवढंच सोपं आहे. घेऊ नका.

स्मार्टफोनमुळे त्याच्या पूर्ण आयुष्यात जेवढं कार्बन उत्सर्जन होतं, त्यातला मोठा वाटा, अनेक मॉडेलांच्या बाबतीत तर तीन-चतुर्थांशाहून जास्त, तो तुमच्या हातात पडण्याआधीच होऊन गेलेला असतो. खाणीतून धातू काढायचे, ते शुद्ध करायचे, चिप घडवायची, या सगळ्याला अफाट ऊर्जा लागते. तुम्ही रोज रात्री चार्जिंगला जी वीज वापरता ती त्यापुढे किरकोळ. त्यामुळे नव्या फोनच्या खोक्यावर पुनर्वापराचं कितीही कौतुक छापलेलं असलं, तरी हातातला चालता फोन आणखी दोन-तीन वर्षं चालवणं केव्हाही सरस. बॅटरी दमली असेल तर बॅटरी बदलून घ्या. सुरक्षेचे अपडेट यायचे बंद झाले किंवा बँकेचं ॲप चालेनासं झालं, तर फोन बदलावाच लागतो. तेव्हा खुशाल बदला आणि मनाला लावून घेऊ नका. जुना मात्र खणात ठेवून देऊ नका. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. खणात पडून राहिलेल्या फोनमधलं तांबं, सोनं, कोबाल्ट तर कोणाच्याच कामी येत नाही.

आता फोन बाजूला ठेवू. पर्यावरणाची काळजी घ्यायची म्हणजे योग्य ती वस्तू विकत आणायची, हे तुमच्या सगळ्या पत्रात गृहीत धरलेलं दिसतं. डबे झाले, बाटल्या झाल्या, ब्रश झाले, आता फोनची पाळी. अस्वस्थ वाटलं की उपाय दरवेळी दुकानात सापडतो आहे. यात तुमचं एकटीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. विकणाऱ्याला 'हे घ्या'च म्हणता येतं. 'जे आहे तेच वापरा' हा सल्ला बाटलीत भरून विकायची सोय नाही, म्हणून त्याची जाहिरातही कोणी करत नाही.

कापडी पिशव्यांचंच बघा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली निरनिराळ्या पिशव्यांचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला. सुपरमार्केटमधल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी तुलना करता साधी सुती पिशवी केवळ हवामानबदलाच्या निकषावर बरोबरीला यायची तर ती ५२ वेळा वापरावी लागते आणि सेंद्रिय कापसाची १४९ वेळा. पाणी, रसायनं, ओझोनचा थर असे सगळे निकष धरले तर हेच आकडे ७,१०० आणि २०,००० वर जातात. सेंद्रिय पिशवीचा आकडा मोठा का, तर त्या कापसाचं उत्पादन एकरी कमी निघतं, म्हणजे तेवढ्याच सुतासाठी जमीन आणि पाणी जास्त लागतं. शिवाय अभ्यासातली ती पिशवी आकारानेही लहान होती, म्हणून तेवढंच सामान न्यायला जास्त पिशव्या धराव्या लागल्या.

हे आकडे समाजमाध्यमांवर फिरतात तेव्हा त्यातून 'म्हणजे प्लास्टिकच बरं' असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. उघड्यावर पडलेली पिशवी गटार तुंबवते, जनावरांच्या पोटात जाते, समुद्रात पोचते. हे नुकसान त्या हिशेबात धरलेलंच नव्हतं. माझ्या दृष्टीने त्यातून निघणारा अर्थ साधा आहे : पिशवी कशाची आहे यापेक्षा ती किती वेळा खांद्याला लागली, याला जास्त महत्त्व आहे. एकच सुती पिशवी फाटेपर्यंत वापरणारी बाई आणि कपाटात वीस पिशव्या असलेली बाई यांच्यात पहिलीचंच पारडं जड. पाहुणी म्हणून कार्यक्रमाला गेल्यावर फुकट मिळणारी पिशवी हसून नाकारली तरी चालतं, एवढं जाता जाता सांगते.

याच तराजूवर तुमच्या घरातली माणसं तोलली, तर मला सासूबाईंचं नाव पहिलं घ्यावं लागेल. त्या पर्यावरणाचं नाव काढत नसतील, पण घरात आलेल्या वस्तूचा शेवटपर्यंत वापर करणं त्यांना जमतं. २०१५ पर्यंत जगात जेवढं प्लास्टिक कचऱ्यात गेलं, त्यातलं फक्त ९ टक्के पुनर्वापरात आलं. १२ टक्के जाळलं गेलं आणि बाकीचं जमिनीत, नदीत, समुद्रात तसंच पडून आहे. म्हणजे तुम्ही काढून टाकलेले डबे 'रिसायकल'च्या पेटीत जरी टाकले असतील, तरी त्यांचा नवा डबा झाला असण्याची शक्यता फार नाही. डबा घडताना जे तेल आणि जी ऊर्जा खर्च झाली, ती तर कधीच होऊन गेली. तो टाकल्याने त्यातलं काही परत मिळत नाही. एक पथ्य मात्र पाळा. जुन्या, चरे पडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात गरम पदार्थ भरू नका आणि ते मायक्रोवेव्हमध्येही घालू नका. बटणं, सुया, औषधांच्या चिठ्ठ्या, स्क्रू, कोरड्या वस्तू यांच्यासाठी ते अजून कित्येक वर्षं चालतील. काचेचे आणलेत ते वापरा, त्यातही वाईट काही नाही. पुढच्या वेळी एखादी चालती वस्तू केवळ ती 'चुकीच्या' पदार्थाची आहे म्हणून काढून टाकावीशी वाटली, की जरा थांबा, इतकंच.

आणि आता थोडं बोचेल असं. तुमचं कपाट आणि नवऱ्याची खोकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं तुम्हाला वाटतं. मला त्या एकाच घरातल्या एकाच सवयीची दोन रूपं दिसतात. दिवसभराच्या दगदगीनंतर तो फोनवर वस्तू चाळतो आणि एखादी मागवून टाकतो, त्याला बरं वाटतं. तुम्ही बातमी वाचून बेचैन होता आणि बांबूचा ब्रश मागवता, तुम्हालाही बरं वाटतं. तुमचा हेतू चांगला आहे, हे खरंच. पण कारखान्याला, ट्रकला आणि खोक्याला हेतू कळत नाही. मानसशास्त्रज्ञ आणखीही एक गोष्ट सांगतात : एखादं चांगलं काम केलं की मन नकळत पुढच्या ढिलाईला परवानगी देतं. 'इको' लेबलचा सदरा घेतला म्हणून सोबत आणखी एक घेताना हात आखडत नाही, तो यामुळे.

कपड्यांच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसतं. २००० ते २०१५ या काळात जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं आणि त्याच काळात एक कपडा टाकून देण्याआधी अंगावर जितक्या वेळा चढायचा, ते प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक घसरलं. एका सुती टी-शर्टसाठी कापूस पिकवण्यापासून सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. मध्य आशियातला अरल समुद्र कापसानेच आटवला. त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी १९६० च्या दशकापासून शेतांकडे वळवलं गेलं आणि एके काळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं असलेलं ते सरोवर पन्नासेक वर्षांत मूळच्या दहाव्या हिश्शावर आलं. पॉलिएस्टर घेतलं तर पाणी कमी लागतं, पण ते खनिज तेलापासून बनतं आणि दर धुण्याला त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. निर्दोष कापड असं कुठलंच नाही. म्हणून 'कुठलं कापड घेऊ' या प्रश्नावर रात्र जागवण्यात अर्थ नाही. आहेत तेच कपडे जास्त दिवस घालणं, उसवलेलं शिवणं, प्रत्येक वेळी धुवायला न टाकणं आणि धुताना थंड पाण्यात, मशीन भरूनच धुणं, यानेच सर्वांत जास्त फरक पडतो.

"नको असलेले कपडे आम्ही देऊन टाकतो, वाया जात नाहीत," असं पुष्कळ वाचक लिहितात. द्यावेतच, पण ज्याला ते खरोखर हवे आहेत त्याला, स्वच्छ आणि घालण्याजोग्या अवस्थेत. डोळ्यांआड केलेले कपडे कुठे जातात हे पाहायचं तर चिलीतल्या अटाकामा वाळवंटाची छायाचित्रं पाहा. जगभरातून आलेल्या आणि न खपलेल्या कपड्यांचे तिथे ढीग लागले आहेत. घानाची राजधानी अक्रा इथल्या कांतामांतो बाजारात जुन्या कपड्यांचे गठ्ठे सतत येत असतात, आणि त्यातले विकण्याच्या लायकीचे नसलेले कपडे शेवटी त्या शहराच्या नाल्यांत आणि किनाऱ्यावर पोचतात. पुढे देऊन टाकता येईल या भरवशावर केलेली खरेदी ही शेवटी नवी खरेदीच.

ऑनलाइन खरेदीविषयी मी तुमच्याइतकी कडक नाही. दुकानात जाणं नेहमीच चांगलं आणि घरी मागवणं नेहमीच वाईट, असं गणित नाही. एक गाडी एका फेरीत पन्नास घरी सामान पोचवत असेल, तर पन्नास माणसांनी स्वतःच्या गाड्या काढून दुकान गाठण्यापेक्षा ते बरं. तुम्ही चालत किंवा बसने, दुसऱ्या कामाच्या वाटेवर दुकानात जात असाल तर मात्र दुकान बरं. बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे घाई. 'उद्याच हवं' म्हटलं की गाड्या अर्ध्या रिकाम्या धावतात, तीन वस्तू तीन खोक्यांत येतात, दूरचा माल विमानाने आणावा लागतो. दुसरं म्हणजे परत पाठवणं. दोन मापं मागवायची, एक ठेवायचं, एक परत करायचं, ही सवय आता सर्रास झाली आहे. परत गेलेली वस्तू पुन्हा फळीवर जाते असं आपण समजतो. पण ती तपासणं, घडी घालणं, नव्याने बांधणं हे काही वेळा वस्तूच्या किमतीपेक्षा महाग पडतं आणि मग ती मोडीत किंवा कचऱ्यात काढली जाते. न विकलेला माल नष्ट करण्याची ही पद्धत इतकी पसरली की फ्रान्सने २०२० साली तिच्याविरुद्ध कायदाच केला.

तेव्हा तुमच्या आणि तुमच्यासारख्या घरांसाठी काही साधे नियम. हवी असलेली वस्तू लगेच मागवू नका, ती यादीत टाका आणि आठवडाभर राहू द्या. आठवड्याने ती नेमकी कशासाठी हवी होती हे आठवावं लागत असेल, तर ती नकोच होती. मागवायचंच तर साठवून, एकदम, सावकाश येईल असा पर्याय निवडून मागवा. कपड्याचं माप अंदाजाने ठरवू नका. अंगाला नीट बसणारा घरातलाच कपडा टेपने मोजा आणि तो आकडा पडताळा. खरेदीच्या ॲपच्या सूचना बंद करा, साठवून ठेवलेला कार्डचा नंबर काढून टाका. प्रत्येक वेळी सोळा आकडे टाइप करावे लागले की बऱ्याच इच्छा आपोआप मावळतात. वर्षातून एखाद-दोनदाच लागणाऱ्या वस्तू, म्हणजे शिडी, ड्रिल, मोठी सूटकेस, शेजाऱ्यांशी किंवा नातलगांशी वाटून घ्या. सेकंडहॅन्ड घेणं चांगलं, पण स्वस्त आहे म्हणून एकाऐवजी तीन घेतले तर पुन्हा तेच.

'जैवविघटनशील' लिहिलेल्या प्लेट-पेल्यांविषयी दोन वाक्यं. मक्यापासून बनणारं पीएलए नावाचं प्लास्टिक कुजायला साधारण ६० अंश सेल्सिअसचं तापमान टिकवणारा औद्योगिक खतप्रकल्प लागतो. तो नसेल तर घरच्या कुंडीत किंवा रस्त्याकडेला ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते, ती म्हणजे प्रमाण. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात ६० टक्क्यांहून अधिक वाटा घरगुती उपभोगाचा आहे. पण त्यात सगळ्यात मोठे भाग प्रवास, घरातली ऊर्जा आणि अन्न हे आहेत. ब्रश, स्ट्रॉ आणि पिशव्या त्यांच्यापुढे फार लहान. अन्नाचंच घ्या. २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, लोकांपर्यंत पोचलेल्या अन्नाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. त्या अन्नासाठी वापरलेली जमीन, पाणी, खत, वाहतूक, सगळं त्याच्याबरोबर कचऱ्यात गेलं. फ्रिजमधलं आधीचं संपवून मगच नवीन आणायचं, ही सवय तुमच्या कपाटातल्या सगळ्या 'इको' वस्तूंपेक्षा भारी ठरू शकते आणि तिच्यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही. फ्रिजवरून आठवलं : फोनबद्दल जे सांगितलं ते फ्रिजला जसंच्या तसं लागू होत नाही. फ्रिज, एसी ही यंत्रं वर्षानुवर्षं वीज खातात. यंत्र फार जुनं असेल आणि नवं त्याच्या निम्म्या विजेवर चालणार असेल, तर बदलणं पर्यावरणाच्याही हिताचं असू शकतं. आधी वीजवापराचे आकडे बघा, मग ठरवा.

आता तो 'एकटीनं करून काय होणार' हा टोला. तो अगदीच खोटा नाही. 'तुमचा कार्बन फूटप्रिंट किती', म्हणजे तुमच्या राहणीमुळे किती कार्बन उत्सर्जन होतं, हा प्रश्न सामान्य माणसाच्या तोंडी बसवण्यात बीपी या तेल कंपनीच्या २००० नंतरच्या जाहिरातींचा मोठा हात होता. ज्यांचा धंदाच तेल विकण्याचा, त्यांनी हिशेब मात्र ग्राहकाच्या हातात दिला. त्यामुळे सगळा भार स्वतःच्या डोक्यावर घेऊन झोप घालवू नका. पण दुसरी बाजूही इतिहासात आहे. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी स्प्रेच्या डब्यांतल्या सीएफसी वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होऊ शकतो, असं मांडलं. अमेरिकेत कायदा यायच्या आतच लाखो लोकांनी ते स्प्रे घेणं सोडलं, खप उतरला, कंपन्यांनी पर्याय शोधायला सुरुवात केली. १९७८ मध्ये तिथे बहुतेक स्प्रेंमध्ये सीएफसी वापरण्यावर बंदी आली आणि १९८७ मध्ये या वायूंना जगभर आळा घालणारा माँट्रियल करार झाला. लोकांनी नुसतं घेणं सोडून भागलं नसतं, कायदा लागलाच. पण लोकांनी घेणं सोडलेलं असल्यामुळे कायद्याला होणारा विरोध दुबळा पडला. आज ही गोष्ट दुरुस्तीच्या बाबतीत घडताना दिसते. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली पहिला 'रिपेअर कॅफे' भरला, बिघडलेल्या वस्तू घेऊन यायचं आणि जाणकारांच्या मदतीने दुरुस्त करायच्या. आज तसे कॅफे अनेक देशांत आहेत. फ्रान्समध्ये २०२१ साली फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतात याचा दहापैकी गुणांक छापणं सक्तीचं झालं. तुम्हीही पुढची कुठली वस्तू घेताना दुकानदाराला विचारा : याचे सुटे भाग मिळतात का, बॅटरी निघते का? असं विचारणारी गिऱ्हाइकं वाढली की दुकानदार हाच प्रश्न कंपनीला विचारतो.

राहिला नवरा. खोकं दारात आलेलं असताना हा विषय काढू नका. त्या क्षणी तो खुशीत असतो आणि तुम्ही पोलीस होता. काय मागवतो यापेक्षा केव्हा मागवतो ते बघा. रात्री कंटाळून मागवत असेल, तर त्या वेळेला करण्यासारखं दुसरं काही दोघांनी मिळून शोधता येईल. कामाच्या ताणातून मागवत असेल, तर बोलायचा विषय खरेदी नसून तो ताण आहे. आणि सुरुवात स्वतःपासून करा. "माझ्याकडेही न वापरलेल्या बऱ्याच वस्तू आहेत, मी तीन महिने नवीन काही घेणार नाही," एवढंच सांगा. तूही घेऊ नकोस, असं म्हणू नका. त्याला यंत्रांची आवड असेल तर घरातल्या बंद पडलेल्या वस्तू त्याच्यासमोर ठेवा. उघडून बघण्यातली मजा खोकं उघडण्याच्या मजेपेक्षा काही कमी नसते.

महिन्याने हिशेब मांडावासा वाटला तर पार्सलं मोजू नका. महिनाभरात घरात आलेल्या, पण एकदाही न वापरलेल्या वस्तू टेबलावर काढा, त्याच्याही आणि तुमच्याही, आणि सासूबाईंना विचारा यातलं काय कोणाच्या उपयोगी पडेल.